लाकडी पांगुळगाडा : पाच महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील कुंकळ्ळीच्या एका चिताऱ्याने, म्हणजे लाकडावर लाखेचे रंगकाम करणाऱ्या कारागिराने, घडवलेला लाकडी पांगुळगाडा जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी आला, तेव्हा माझी नात दहा महिन्यांची होती. आज ती पंधरा महिन्यांची आहे, घरभर स्वतःच्या पायांनी फिरते, आणि गाडा तिला आता चालण्यासाठी लागत नाही, तर सामानाची ने-आण करण्यासाठी लागतो. मधल्या काळात तो जवळजवळ रोज वापरला गेल्यामुळे त्याचे गुण आणि दोष दोन्ही लिहिता येतील एवढा अनुभव जमा झाला आहे. त्याआधी दोन महिने याच घरात मध्ये बैठक असलेला, चाकांचा प्लास्टिकचा वॉकरही वापरला गेला होता, म्हणून पुढे केलेली तुलना ऐकीव नाही. मी ३१ वर्षे फोंडा तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. माझ्यासमोर येणारी मुले सहा वर्षांची असत. त्यांचे चालणे, धावणे आणि बोलणे घरूनच तयार होऊन येई. ते कसे तयार होते हे मी निवृत्तीनंतर, नातीच्या मागे वाकून चालताना, पहिल्यांदा बारकाईने पाहिले.

गाड्याची रचना साधी आहे. तळाशी त्रिकोणी चौकट, तिच्या टोकाला एक लहान चाक, मागे दोन मोठी चाके, मागच्या बाजूला उभे केलेले दोन कातीव खांब आणि त्यांना जोडणारी, मुलाने धरायची आडवी दांडी. ही दांडी जमिनीपासून ४३ सेंटीमीटर उंचीवर आहे. चिताऱ्याने नेहमीच्या मापाची दांडी दाखवली होती. ती नातीच्या खांद्याला लागेल असे वाटल्यामुळे मी तिच्या छातीच्या खालच्या भागापर्यंतचे माप दोऱ्याने घेऊन गेले होते, आणि त्याने त्या मापाने दांडी खाली घेऊन दिली. चौकटीवर एक लहान फळीही बसवून घेतली. ती मूळ नमुन्यात नव्हती, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे तीच या गाड्याचा सर्वांत मोलाचा भाग ठरली. लाकूड शिवणीचे आहे, त्यामुळे गाडा वजनाला हलका, तीन किलोच्या आसपास आहे. हे हलकेपण उचलून ठेवताना सोयीचे वाटते, परंतु वापरताना तेच अडचणीचे होते.

खांबांवर आणि चाकांवर लाल, पिवळा आणि हिरवा असे लाखेचे पट्टे आहेत. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते, आणि थंड होताच तिचा चकचकीत, कडक थर बनतो. ब्रशने दिलेल्या रंगासारखे तिचे पापुद्रे सहसा निघत नाहीत. दात येणारे मूल दांडी तोंडात घालणारच, तेव्हा या गोष्टीला महत्त्व आहे. तरीही लाख नैसर्गिक असली तरी तिच्यात मिसळलेला रंग कोणता, हे विचारलेच पाहिजे. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ही सूट मला योग्य वाटते, कारण एका लेथवर संसार चालवणाऱ्या माणसाला प्रयोगशाळेतील चाचणीचा खर्च पेलणार नाही. परंतु तिचा अर्थ असा होतो की, तपासणीचे काम घेणाऱ्याकडे येते. मी ओले पांढरे फडके प्रत्येक रंगावर घासून पाहिले. रंग उतरला नाही. कापसाचा बोळा सगळ्या लाकडावरून फिरवला. फळीच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी तो अडकला, म्हणजे तिथे कुसळ होते, ते चिताऱ्याने माझ्यासमोर घासून दिले. चाकांच्या खिळी ओढून पाहिल्या. साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल असा कोणताही भाग तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो, आणि चाकाची खीळ निघाली तर ती नेमकी त्याच मापाची असते. आमच्या गाड्याच्या खिळी आरपार ठोकून दोन्ही बाजूंनी बसवलेल्या आहेत, तरी दर पंधरा दिवसांनी मी त्या हलवून बघत असे.

आता वॉकरविषयी. तो आमच्याकडे उष्टावणाला भेट म्हणून आला होता. देणाऱ्याचा हेतू प्रेमाचा होता आणि आम्हीही तो आनंदाने वापरला. बाळाला मध्ये बसवले की ते पायाने ढकलत घरभर सरकते, रडत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला अर्धा तास मोकळा मिळतो. मला पहिली शंका तिच्या पायांकडे पाहून आली. तिचे पूर्ण पाऊल जमिनीला टेकतच नव्हते. ती चवड्यांवर राहून टाचा उचलून स्वतःला मागे लोटत होती, आणि समोरच्या रुंद ताटामुळे तिला स्वतःची पावले दिसत नव्हती. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसाठी गेलो असता बालरोगतज्ज्ञांनी तिला टेबलावर उभे करून पाहिले, घरी वॉकर आहे का असे विचारले आणि म्हणाले, “आजी, तो आजच माळ्यावर टाका. तिला जमिनीवर सोडा.”

घरी आल्यावर या विषयावर मिळेल ते वाचले. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आयर्लंडमधील १९० बाळांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात वॉकरमध्ये घालवलेल्या दर २४ तासांमागे आधाराविना उभे राहणे ३.७ दिवसांनी आणि स्वतंत्र चालणे ३.३ दिवसांनी लांबलेले आढळले. आमच्या नातीने दोन महिन्यांत, रोजचा अर्धा तास धरून, तीसेक तास त्यात काढले असतील. त्या हिशेबाने झालेला उशीर चार दिवसांचा, म्हणजे चिंता करण्यासारखा नाही, आणि अशा पाहणीवरून एका बाळाचा हिशेब मांडताही येत नाही. खरी भीती वेगळी आहे. अमेरिकेत १९९० ते २०१४ या २५ वर्षांत वॉकरमुळे दुखापत होऊन १५ महिन्यांखालील २ लाख ३० हजारांहून अधिक बाळांना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले. त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक दुखापती डोक्याच्या किंवा मानेच्या होत्या, आणि सुमारे तीन-चतुर्थांश बाळे वॉकरसह जिन्यावरून खाली गेली होती. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये असे वॉकर विकण्यावर आणि आयात करण्यावर संपूर्ण बंदी घातली. आमच्या घराच्या बाल्कांवाला, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीला, चिऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि त्यांना दार नव्हते. वॉकर जोरात लोटला की बाळ एका सेकंदात मीटरभर पुढे जाते, आणि शेजारी बसलेले मोठे माणूस उठेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ते आकडे वाचल्यावर मला त्या पायऱ्या वेगळ्याच दिसू लागल्या. दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून वरच्या पायरीला लाकडी फाटक बसवून घेतले. घरात कोणताही गाडा असो किंवा नसो, रांगते मूल असेल तर हे फाटक आधी बसवावे.

पांगुळगाडा हा शब्द आपण मराठीत परावलंबी माणसाविषयी बोलताना सहज वापरतो. स्वतःच्या बुद्धीने न चालणाऱ्याला कुणाचा तरी पांगुळगाडा लागतो, असे म्हणतो. प्रत्यक्ष वस्तू मात्र मुलाकडून पुष्कळ मागते, हे मला वापरातून कळले. वॉकरची बैठक बाळाचे वजन स्वतः घेते. गाड्याला बैठक नाही. मुलाने आधी स्वतःच्या बळावर उभे राहायचे, मग दोन्ही हातांनी दांडी धरायची, एक पाय उचलताना सगळा भार दुसऱ्या पायावर घ्यायचा, आणि गाडा पुढे गेला की त्याच्या मागोमाग आपले अंगही न्यायचे. कमरेचा, पोटाचा आणि घोट्याचा प्रत्येक स्नायू यात कामाला लागतो. पावले उघडी दिसतात, टाच टेकते. दांडी सुटली तर मूल बसकण मारते आणि पुन्हा कसे उठायचे हे शिकते. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावले टाकताना आणि १७ वेळा पडताना दिसली. हे वाचल्यापासून नातीचे पडणे मी मोजायचे सोडून दिले. तिला घरात अनवाणीच ठेवले, कारण फरशीवर मोज्यांनी पाय घसरतो आणि उघड्या तळव्याला जमीन कळते.

त्याच वेळी स्पष्ट सांगितले पाहिजे की, गाडा चालायला शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराविना चालण्याचा कालावधी ८.२ ते १७.६ महिने असा दिला आहे. गुडघ्यांवर आणि हातांवर रांगण्याचा कालावधी ५.२ ते १३.५ महिने आहे, आणि सुमारे चार टक्के मुले तशी रांगतच नाहीत. एवढा रुंद पट्टा पाहिल्यावर शेजारचे मूल अकराव्या महिन्यात चालले म्हणून आपल्या सुनेला बोलणाऱ्या सासूला काही आधार उरत नाही. आमची नात तेरा महिन्यांची होऊन एक आठवडा झाला असताना, चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तयारीच्या गडबडीत, माटोळीचे (गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवून टांगायच्या चौकटीचे) सामान पसरलेल्या खोलीत दांडी सोडून चार पावले चालली. गाडा नसता तरी ती त्याच सुमारास चालली असती, असे मी समजते. मग साडेचौदाशे रुपये कशासाठी दिले, हा प्रश्न माझ्या मुलाने मला विचारला होता. माझे उत्तर फळीशी आणि भाषेशी संबंधित आहे.

पहिल्या आठवड्यात नात गाडा नुसता ढकलत होती. दुसऱ्या आठवड्यात तिने हातातली वाटी फळीवर ठेवली, गाडा माझ्या खुर्चीपर्यंत आणला आणि वाटी माझ्याकडे सरकवून माझ्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. त्यानंतर रोज काही ना काही येऊ लागले : कांदा, चमचा, माझा चष्मा, कपड्यांचा चिमटा, एकदा देवघरातली घंटा. रांगणारे मूल वस्तू हातात घेऊन फार दूर जाऊ शकत नाही, कारण हात चालण्याच्या कामात गुंतलेले असतात. ते जिथे वस्तू सापडते तिथेच तिच्याशी खेळते. चालणारे मूल ती उचलून माणसाकडे नेते. याच विषयावरच्या एका अभ्यासात, तेरा महिन्यांच्या रांगणाऱ्या आणि चालणाऱ्या बाळांची तुलना करताना असे दिसले की, बाळ चालत वस्तू घेऊन आले म्हणजे आई तिचे नुसते नाव घेत नाही, तर ती उघड, हलव, ठेव असे काही करायला सांगते. २०१४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात त्याच वयाच्या रांगणाऱ्या मुलांपेक्षा चालणाऱ्या मुलांना समजणारे आणि बोलता येणारे शब्द अधिक आढळले. आमच्या घरात फळीच्या गाड्याने हा टप्पा दोन-अडीच महिने अलीकडे आणला, असे मला वाटते. चालता येण्याआधीच तिला वस्तू आणून देता येऊ लागली. एका मुलावरून नियम काढता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवसांत मी तिच्याशी जेवढे बोलले, तेवढे आधी बोलत नव्हते, एवढे नक्की. कांदा आला की कांदा कसा लागतो, त्याची साल कशी उडते, आता तो टोपलीत परत नेऊन ठेव, असे बोलणे आपोआप होई.

गाडा आपोआप बोलत नाही, हाही त्याचा मोठा गुण आहे. वॉकरच्या ताटावर पाच बटणे होती आणि प्रत्येक बटण दाबले की इंग्रजी बडबडगीत किंवा प्राण्याचा आवाज येत असे. त्या काळात आम्ही घरातील मोठी माणसे तिच्याजवळ गप्प बसत होतो, हे माझ्या नंतर लक्षात आले. यंत्र बोलत असताना माणूस बोलत नाही. २०१६ साली अमेरिकेतील बालरोगशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात दहा ते सोळा महिन्यांची २६ बाळे आणि त्यांचे पालक यांच्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. बोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक कमी शब्द बोलतात आणि बाळाला कमी उत्तर देतात, पुस्तके किंवा साधी खेळणी असताना अधिक बोलतात, असा त्याचा निष्कर्ष होता. वॉकर दूरदर्शन संचासमोर नेऊन ठेवण्याची सवयही पुष्कळ घरांत दिसते. दोन वर्षांखालील मुलाला पडदा नको, असे भारतीय बालरोग अकादमीचे स्पष्ट मार्गदर्शन आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचेही २०१९ पासून हेच सांगणे आहे. पांगुळगाड्याला चाकांचा खडखडाट तेवढा आहे. त्यामुळे नात कुठल्या खोलीत आहे हे स्वयंपाकघरात कळते, आणि खडखडाट थांबला की जाऊन पाहावे लागते. कुणीतरी मागे असावे लागते, आणि मागे असलेला माणूस बोलतो. वॉकर मुलाला माणसापासून मोकळे ठेवतो म्हणून घेतला जातो. गाडा घेणाऱ्याने आपला वेळ द्यावा लागेल हे समजूनच तो घ्यावा.

आमच्या घरात मी मराठी बोलते, सून कोंकणी बोलते, मुलगा दोन्ही बोलतो, आणि शेजारच्या भाडेकरूंची मुले हिंदी बोलतात. गोव्यातील पुष्कळ घरांची हीच स्थिती आहे. नातीचा पहिला ओळखता येण्याजोगा शब्द साडेअकराव्या महिन्यात आला, आणि तो “उद” होता, म्हणजे तिच्या आईचे उदक. त्यानंतर कोंबड्याला “कोंबो”, गाड्याला “गगा”, आणि मला “आजी” न म्हणता “जी”. सुनेच्या माहेरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चिंता व्यक्त केली की, दोन-तीन भाषांमुळे मुलीचा गोंधळ होईल आणि ती उशिरा बोलेल. हा समज मी शाळेतही पालकांकडून ऐकला होता आणि त्या वेळी मला नीट उत्तर देता येत नसे. उत्तर असे आहे की, एकापेक्षा अधिक भाषा ऐकल्यामुळे भाषाविकासात विकार निर्माण होत नाही. मात्र अशा मुलाचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतील शब्द एकत्र मोजावे लागतात; फक्त मराठीतले मोजले तर मूल मागे पडल्यासारखे दिसते आणि फक्त कोंकणीतले मोजले तरी तसेच. आज पंधराव्या महिन्यात नातीचे मराठी शब्द सहा आणि कोंकणी शब्द नऊ आहेत, आणि माझ्या मते तिच्याकडे पंधरा शब्द आहेत. तिला समजणारे शब्द यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. सून “हाड” म्हणाली काय किंवा मी “आण” म्हणाले काय, दोन्ही वेळा गाडा वळतो आणि सांगितलेली वस्तू फळीवर येते.

आता दोष, आणि ते थोडे नाहीत. पहिला आणि सर्वांत गंभीर दोष म्हणजे गुळगुळीत फरशीवर गाडा पळतो. जुन्या घरांत जमीन शेणाने सारवलेली असे आणि तिच्यावर चाकांना धर मिळे. आज सगळीकडे टाइल्स आहेत, आणि तीन किलोचा गाडा मुलाच्या हाताच्या जोराने त्याच्या पायांपेक्षा वेगाने पुढे जातो. पहिल्याच दिवशी नात तोंडावर पडता पडता वाचली. यावर उपाय म्हणून दोन किलो तांदळाची पिशवी फळीच्या पुढच्या भागाखाली, चौकटीला घट्ट बांधली आणि मागच्या चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवली. त्यानंतर वेग निम्म्यावर आला. दुसरा दोष तीन चाकांचा आहे. वळताना मुलाने सगळा भार एका बाजूला टाकला तर गाडा कलंडतो, आणि दांडीला धरून उठून उभे राहण्याचा प्रयत्न केला तर तो मागे ओढला जातो. म्हणून जे मूल भिंत किंवा सोफा धरून स्वतः उठते आणि धरून बाजूबाजूने चालते, त्यालाच हा द्यावा. त्याआधी देण्यात धोका आहे. चार चाकांचे, रुंद तळाचे लाकडी ढकलगाडे बाजारात मिळतात, ते या बाबतीत अधिक स्थिर आहेत, हे मान्य करते. तिसरे म्हणजे पुढचे चाक वळत नाही, त्यामुळे भिंतीला टेकला की मूल अडकते आणि रडते. पहिले दोन आठवडे दर दोन मिनिटांनी गाडा वळवून द्यावा लागला. पुढे तिने तो मागे ओढून वळवायला स्वतःच शोधून काढले, आणि ते पाहताना मला फार आनंद झाला.

जुलैत पावसाच्या दमट हवेने लाकूड फुगले आणि मागचे डावे चाक फिरेनासे झाले. एका जाणत्या शेजाऱ्याने खोबरेल लावायला सांगितले. त्याने दोन दिवस काम झाले आणि मग धूळ बसून चाक आणखी अडले. आस पुसून, उन्हाची वाट पाहून, मेणबत्तीचे मेण चोळले तेव्हापासून आजवर अडचण आली नाही. दांडीवर जिथे तिचे दात लागत तिथे लाखेवर बारीक ओरखडे आहेत, पण खाली लाकूड उघडे पडलेले नाही. ऑगस्टमध्ये फळीच्या एका कोपऱ्याला पांढरी बुरशी दिसली, ती ओल्या फडक्याने पुसून गाडा उन्हात ठेवल्यावर गेली. गोव्यात लाकडी वस्तू घेणाऱ्याने पावसाळ्याचे चार महिने तिची एवढी काळजी घेण्याची तयारी ठेवावी.

ज्यांचे मूल उशिरा चालते किंवा बोलते अशा पालकांनी उपाय म्हणून गाडा विकत घेऊ नये, हे मी कळकळीने सांगते. अठरा महिने पूर्ण होऊनही मूल चालत नसेल, बारा महिन्यांपर्यंत ते बडबड करत नसेल किंवा बोटाने दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे आणि बोलण्याच्या बाबतीत आधी कान तपासून घ्यावेत, कारण जे ऐकू येत नाही ते बोलताही येत नाही. आलेली एखादी गोष्ट नाहीशी झाली, म्हणजे मूल आधी बोलत असलेले शब्द बोलेनासे झाले, तर कोणत्याही वयात थांबू नये. लसीकरणासाठी मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. आमच्या कार्डाचे ते पान लसींच्या तारखांच्या नादात आम्ही नवव्या महिन्यापर्यंत उघडलेच नव्हते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि विकासात विलंब आढळला तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे विनामूल्य पाठवण्याची सोय आहे. माझ्या शाळेत पहिलीत आलेल्या एका मुलाला कमी ऐकू येते हे आम्हाला दिवाळीनंतर कळले होते. तो हट्टी आहे, असे आम्ही सगळे सहा महिने समजत होतो. तेव्हापासून या विषयात थांबून पाहण्याचा सल्ला मी कुणालाही देत नाही.

गाड्यासाठी साडेचौदाशे रुपये आणि फळीचे दीडशे असा सोळाशे रुपये खर्च आला. मागणी नोंदवल्यापासून बारा दिवसांनी तो हाती मिळाला. सावंतवाडीच्या चितारआळीतही असे गाडे मिळतात आणि उत्तर गोव्यातल्या लोकांना ते अधिक जवळ पडेल. कुठूनही घेतला तरी तयार ठेवलेला न उचलता आपल्या मुलाच्या मापाने दांडी करून घ्यावी, मागची चाके एकमेकांपासून शक्य तितकी लांब ठेवायला सांगावीत, आणि फळी मागून घ्यावी. घडवणाऱ्याला हे जड नसते. आमचा चितारी तर फळीचा उपयोग ऐकून म्हणाला की, यापुढे सगळ्याच गाड्यांना ती बसवीन.

गोव्यातल्याच साखळी गावी माझ्या भाचीचा मुलगा नऊ महिन्यांचा आहे आणि हा गाडा डिसेंबरमध्ये तिच्याकडे जायचा आहे. तो अजून धरून उभा राहत नाही, म्हणून तोवर गाडा तिने माळ्यावरच ठेवावा असे मी तिला सांगितले आहे, आणि ट्यूबच्या पट्ट्या व तांदळाची पिशवी सोबत देणार आहे. नातीला तो जाणार हे सांगायचे आहे. काल तिने फळीवर तिची बाहुली, माझ्या चपलेचा एक पाय आणि एक लिंबू ठेवून तो बाल्कांवाच्या फाटकापर्यंत नेला, मागे वळून मला पाहिले आणि बोट दाखवत म्हणाली, “जी, हाड.”